सहा रुग्णालयांचा एकच अभ्यास व्हायचा असेल तर

डॉक्टर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तुम्ही मेडिसिनला सहायक प्राध्यापक आहात. घोणस चावल्यावर कोणाचे मूत्रपिंड निकामी होते आणि का, हे पाहण्यासाठी तुम्ही चार वैद्यकीय महाविद्यालये आणि दोन उपजिल्हा रुग्णालये एकत्र आणलीत. सगळ्यांनी आनंदाने होकार दिला, व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला, फॉर्म वाटून झाले. पावसाळा संपला तेव्हा हातात आलेले फॉर्म बहुतेक तुमच्याच वॉर्डातले आणि एका खासगी महाविद्यालयातले होते. बाकीच्यांकडून नुसते ‘पाठवतो सर’. आता तुम्ही विचारता, केंद्रांवर वचक कसा ठेवायचा, आणि एमओयू, म्हणजे केंद्रांमधला सामंजस्य करार, अधिक कडक केला तर फरक पडेल का?

वचकाने हे काम होत नाही, हे आधीच सांगतो. एमओयू हवाच. पैसा कुठून कुठे जाणार, माहिती कोणाच्या ताब्यात राहणार, रक्ताचे नमुने साठवले तर पुढे त्यांचे काय, हे सगळे त्यात लिहिलेले असावे. पण एमओयूवर सही करतात डीन साहेब, आणि रात्री दोन वाजता फॉर्म भरायचा असतो पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला. त्या दोघांचे या विषयावर कधी बोलणेच झालेले नसते. मी अठरा वर्षे अशा जोडअभ्यासांचे समन्वयन करतो आहे, सर्पदंशाचे आणि कीटकनाशकांच्या विषबाधेचे. माझ्या अनुभवात फॉर्म येत नाहीत तेव्हा त्याचे मूळ बहुधा बरेच आधीचे असते: सहा ठिकाणी काम सुरू झालेले असते, पण ते एकच काम आहे याची खात्री कोणी केलेली नसते. तुमच्या फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ सहाही ठिकाणी एकच आहे का, आणि तो रकाना नेमका कोण, कधी, कशाच्या आधारे भरणार हे ठरले आहे का, या दोन प्रश्नांवर माझे सगळे उत्तर उभे आहे.

यातले बरेच परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचा अभ्यास निरीक्षणाचा आहे, म्हणजे उपचार नेहमीचेच, फक्त नोंद शिस्तीने. उद्या त्यात औषधाची तुलना आली तर 2019 चे नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम लागू होऊ शकतात आणि सगळे गणितच बदलते. परदेशी संस्थेचा पैसा किंवा सहभाग असेल, किंवा नमुने देशाबाहेर जाणार असतील, तर आयसीएमआरमार्फत, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत, आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावे लागते, आणि त्याला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा लागतो. निधी आहे की पदरमोड, यावरही माणसे किती नेमता येतील ते ठरते. तुमच्याकडे फारसा निधी नाही असे धरून लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात पैशाचा उल्लेखच नाही.

पहिली गोष्ट व्याख्यांची. तुमच्या फॉर्मवर ‘साप: घोणस / नाग / मण्यार / फुरसे / इतर’ असा रकाना असणार. हा रकाना भरताना माहिती कोणाची? नातेवाईक सांगतात ‘घोणस होती’. आपल्याकडे डुरक्या घोणस नावाचा बिनविषारी सापही आहे, आणि घाबरलेल्या माणसाला अंधारात जे दिसले ते तो सांगतो. कोकणच्या सीमेलगतचे एखादे केंद्र तुमच्यात असेल तर तिथे फुरसे जास्त, आणि लहान घोणस व फुरसे यांत गल्लत सहज होते. दोन्ही सापांच्या विषाने रक्त गोठणे बिघडते, पण मूत्रपिंडाला जास्त धोका घोणशीचा. म्हणजे ज्या प्रश्नासाठी तुम्ही अभ्यास उभा केला, तोच या एका रकान्यात सांडू शकतो. आम्ही या रकान्याचे तीन केले: साप किंवा त्याचा फोटो जाणकाराने पाहून ओळखला; नातेवाईकांनी नाव सांगितले; साप पाहिलाच नाही. पहिल्या गटाचे विश्लेषण वेगळे करता येईल अशी सोय ठेवली. फोटो ओळखायला सहाही केंद्रांसाठी तेच दोन सर्पतज्ज्ञ, म्हणजे प्रत्येक केंद्राचा निकष वेगळा राहत नाही. आणि मारलेला साप बरोबर आणा असे कोणालाही सांगायचे नाही. साप धरायच्या किंवा मारायच्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

मग ‘मूत्रपिंड निकामी’ म्हणजे काय? तुम्ही केडिगो या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय गटाची 2012 ची व्याख्या घेतली असेल तर उत्तम: 48 तासांत क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात साठणारा घटक) डेसिलीटरमागे 0.3 मिलीग्रॅमने वाढले, किंवा सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झाले, किंवा सहा तास लघवी ताशी किलोमागे अर्धा मिलीलीटरपेक्षा कमी. प्रश्न ‘मूळ पातळी’चा आहे. शेतात राबणाऱ्या चाळिशीतल्या माणसाचे क्रिएटिनिन आयुष्यात कधी तपासलेले नसते. एक केंद्र दाखल होतानाचे पहिले मूल्य मूळ धरील, दुसरे डिस्चार्जच्या वेळचे सर्वांत कमी, तिसरे वय-लिंगावरून काढलेले. तीनही पद्धती वापरात आहेत, तिन्हींच्या बाजूने बोलता येईल. पण सहा केंद्रांत तीन पद्धती चालल्या तर एका महाविद्यालयात मूत्रपिंड जास्त बिघडतात आणि दुसऱ्यात कमी, असा निष्कर्ष निघेल, आणि तो रुग्णांमुळे नव्हे तर रकाना भरणाऱ्यांमुळे निघालेला असेल. म्हणून केंद्रांनी फक्त मूल्ये, तारीख आणि वेळ लिहावी. बिघाड झाला की नाही हे मध्यवर्ती ठिकाणी, एकाच नियमाने ठरवावे. लघवीचे मात्र सगळीकडे नीट मोजमाप होत नाही. उपजिल्हा रुग्णालयात ते जमणार नसेल तर ते मान्य करून व्याख्येचा तो भाग तिथे वापरू नका. अंदाजाने लिहिलेल्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना कितीतरी बरा.

प्रयोगशाळांचेही तसेच. क्रिएटिनिन मोजायची जुनी जाफे पद्धत आणि एन्झाइमची पद्धत एकाच नमुन्याला थोडी वेगळी उत्तरे देतात, आणि बिलिरुबिन वाढलेले असेल, रक्तपेशी फुटलेल्या असतील तर फरक वाढतो. घोणशीच्या रुग्णात तेच असते. सगळ्या प्रयोगशाळा बदलणे तुमच्या हातात नाही. पण प्रत्येक ठिकाणी पद्धत कोणती आणि बाह्य गुणवत्ता तपासणीत, म्हणजे बाहेरच्या संस्थेने पाठवलेले नमुने तपासून उत्तरे ताडण्यात, ती प्रयोगशाळा सहभागी आहे का, हे विचारून लिहून ठेवणे हातात आहे. वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) ची अशी योजना आहे आणि देशभरातल्या प्रयोगशाळा तीत भाग घेतात. त्यांच्या मासिक अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

आता काचेच्या नळीची गोष्ट. आमच्या एका अभ्यासात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सगळीकडे होती. तुमच्याकडेही असणारच: दोन मिलीलीटर ताजे रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची, मग एकदा तिरकी करून पाहायचे. इतकी सोपी चाचणी की प्रशिक्षणात आम्ही तिला पाच मिनिटे दिली. त्या पावसाळ्यात एका केंद्रावरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर ‘रक्त गोठले नाही’ असे होते. सूज नाही, रक्तस्राव नाही, पुढच्या सगळ्या तपासण्या ठीक, तरी रक्त गोठलेले नाही. फोनवर विचारले तर रेसिडेंट म्हणाला, ‘सर, सगळे प्रोटोकॉलप्रमाणेच करतोय.’ तो खरे बोलत होता. मी स्वतः गेलो. सकाळी वॉर्डाच्या मागच्या कट्ट्यावर मावशी कालच्या नळ्या साबणाच्या पावडरीने घासत होत्या, तीन पाण्यांतून काढत होत्या आणि उन्हात उलट्या वाळत घालत होत्या. इतक्या स्वच्छ नळ्या मी दुसऱ्या कुठल्याही केंद्रावर पाहिल्या नाहीत. आणि तीच अडचण होती. काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागले की गोठण्याची साखळी सुरू होते. नळीत साबणाचा अंश राहिला तर ती नीट सुरू होत नाही. प्लॅस्टिकच्या नळीतही ही चाचणी अशीच फसते.

यात मावशींची चूक नव्हती, रेसिडेंटचीही नव्हती. ‘स्वच्छ’ हा शब्द आम्ही फॉर्मवर लिहिला आणि त्याचा अर्थ कोणाला सांगितला नाही. त्या केंद्राची त्या एका चाचणीची अख्ख्या पावसाळ्याची नोंद आम्हाला बाजूला ठेवावी लागली. त्याहून जास्त लागले ते हे, की रक्त गोठत नाही म्हणून काही रुग्णांना गरज नसताना सर्पविषरोधक लसीच्या कुप्या दिल्या गेल्या असणार. त्या लसीची रिॲक्शन काय असते हे तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर आम्ही सगळ्या केंद्रांसाठी एकाच ठिकाणाहून नव्या काचेच्या नळ्या घेतल्या, एकदा वापरायच्या आणि टाकायच्या. शिवाय प्रत्येक वेळी शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची एक नळी, बहुधा ड्यूटीवरच्या कोणाची तरी. तीही गोठली नाही तर आधी नळीवर संशय घ्यायचा. खर्च अगदी किरकोळ होता.

म्हणून माझा आग्रह असा: पहिला रुग्ण नोंदवण्याआधी समन्वयकाने प्रत्येक केंद्रावर एक पूर्ण दिवस आणि शक्य असेल तर एक रात्र घालवावी. मीटिंग हॉलमध्ये सादरीकरण करून परत यायचे नाही. कॅज्युअल्टीत बसायचे, रुग्ण कुठून आत येतो, पहिला केसपेपर कोण लिहितो, रक्त कोण काढतो, ते कुठल्या खिडकीवर जाते, रिपोर्ट कधी येतो, हे पाहायचे. वेळ कशी लिहितात तेही पाहा. एका ठिकाणी ‘12.30’ म्हणजे दुपार, दुसऱ्या ठिकाणी मध्यरात्र, आणि मध्यरात्रीनंतर आलेल्या रुग्णावर तारीख आदल्या दिवसाचीच. दंशापासून लस मिळेपर्यंत गेलेला वेळ हा तुमच्या प्रश्नाचा कणा असेल, आणि तोच अशा नोंदींमुळे बारा किंवा चोवीस तासांनी चुकतो. चोवीस तासांचे घड्याळ फॉर्मवर छापूनच टाका.

परवानग्यांबद्दल थोडे, कारण सर्पदंशात उशीर म्हणजे हंगाम हातचा जाणे. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत बहुकेंद्रीय अभ्यासासाठी एका मुख्य समितीने सामाईक पडताळणी करण्याची वाट दिली आहे. बाकीच्या एथिक्स कमिट्या तो निर्णय मान्य करून स्थानिक बाबींपुरते पाहू शकतात. प्रत्यक्षात किती कमिट्या ही वाट स्वीकारतात ते त्या त्या ठिकाणच्या सदस्य-सचिवांवर अवलंबून असते. म्हणून आधी सचिवांना भेटा, मग प्रस्ताव पाठवा. प्रत्येक कमिटीची नोंदणी चालू आहे ना हेही बघा. औषधचाचण्यांसाठीची नोंदणी वेगळी आणि इतर जैववैद्यकीय संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडची वेगळी. उपजिल्हा रुग्णालयांत स्वतःची कमिटी बहुधा नसते. जवळच्या महाविद्यालयाच्या कमिटीशी लेखी करार करून काम भागते. आणि एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: तुमचे महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाखाली, उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाखाली. डीनचे पत्र तिथे चालत नाही. जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी स्वतंत्र घ्यावी लागते.

वेळापत्रक उलटे मोजा. रुग्ण जूनपासून वाढतात. मे-जूनमध्ये बदल्यांचे आदेश निघतात आणि तुमचा केंद्रप्रमुख नेमका तेव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात जातो. म्हणजे एप्रिलअखेर सगळ्या परवानग्या हातात, प्रशिक्षण झालेले, आणि प्रत्येक केंद्रावर एकाऐवजी दोन जबाबदार माणसे कागदावर नाव घालून नेमलेली हवीत. त्यासाठी प्रस्ताव डिसेंबर-जानेवारीत कमिट्यांपुढे गेलेला असावा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावरची नोंदणी पहिल्या रुग्णाआधी उरकून घ्या. निरीक्षणाचा अभ्यासही तिथे नोंदवता येतो आणि नंतर नियतकालिके विचारतातच.

संमतीचा मुद्दा कमिटीसमोर स्वतःहून मांडा. घोणशीचा गंभीर रुग्ण सही करण्याच्या अवस्थेत नसतो आणि सोबतचा माणूस रडत असतो. संमती मिळालेल्यांनाच घेतले तर जे पहिल्या दोन तासांत गेले ते अभ्यासाबाहेर राहतात, आणि तुमच्या मृत्यूंचा आकडा खोटा कमी दिसतो. नातेवाईकांची संमती कधी, रुग्ण सावरल्यावर त्याची कधी, आणि जो सावरलाच नाही त्याची केवळ केसपेपरवरची माहिती नाव-गाव काढून वापरायला मुभा आहे का, हे तिन्ही प्रश्न आधी विचारून लेखी उत्तर घ्या. आमच्या अनुभवात कमिट्या यावर समजूतदारपणे विचार करतात. फक्त त्यांना आयत्या वेळी विचारू नये.

उपजिल्हा रुग्णालये तुमच्या अभ्यासात लिंबूटिंबू नाहीत, हे मनात पक्के ठेवा. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी 58,000, असा मिलियन डेथ स्टडी या मृत्यूंच्या कारणांच्या देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज आहे, आणि त्यातले बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले. रुग्ण पहिल्यांदा पोहोचतो तो तालुक्याच्या ठिकाणी. तुमच्या महाविद्यालयात येतो तो गाळून, चाळून, वाटेत तगलेला. पण इथेच दुसरा घोळ होतो. तालुक्याहून रेफर झालेला रुग्ण दोन्हीकडे नोंदला जातो, एकदा तिथे आणि एकदा तुमच्याकडे, आणि तुमच्या बेरजेत तो दोन माणसे होतो. उपाय साधा आहे. रेफरल चिठ्ठीवर अभ्यास क्रमांकाचा स्टिकर. मोठ्या रुग्णालयात आल्यावर नवा क्रमांक द्यायचा नाही, तोच पुढे चालवायचा. रुग्णवाहिकेत चिठ्ठी हरवतेच, म्हणून रेफर करताच फोन.

आता खरे मनुष्यबळ. तुमच्या चार गप्प केंद्रांत काय झाले असेल ते मी पाहिलेले आहे. विभागप्रमुखांनी होकार दिला, लेक्चररला सांगितले, त्यांनी रेसिडेंटला, त्याने इंटर्नला, आणि इंटर्नची पोस्टिंग पंधरा दिवसांत बदलली. फॉर्म भरणाऱ्याला अभ्यास कशासाठी आहे हेच माहीत नाही. यावर मी तीन गोष्टी करतो. एक, केंद्रावर रोज हजर असणारी, बदलत नसलेली एक व्यक्ती शोधतो. ती बहुधा वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर किंवा समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना प्रशिक्षणाला बोलावतो, त्यांचे नाव यादीत घालतो, थोडा निधी असेल तर त्यांच्या कामाचे मानधन रीतसर ठरवतो. दोन, एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध या अभ्यासाच्या एका उपप्रश्नाशी जोडतो, म्हणजे त्याचे स्वतःचेही काम होते. फक्त विद्यापीठाला द्यायचा त्याचा आराखडा आणि मुख्य प्रोटोकॉल यांत विसंगती नको. तीन, फॉर्म निर्दयपणे छोटा करतो.

तुमचा फॉर्म किती पानांचा आहे हे तुम्ही लिहिले नाही, पण सहा विभागप्रमुखांनी आपापले चार प्रश्न घातले असतील तर आठ-नऊ पानांचा असेल. ब्रिटनमधली कोविडची रिकव्हरी चाचणी आठवा: 19 मार्च 2020 ला पहिला रुग्ण, 16 जूनला डेक्सामेथासोनचा निकाल. तिथे एकच आरोग्यव्यवस्था, नोंदी जोडलेल्या, ती सोय आपल्याकडे नाही. पण त्यांचा फॉर्म थकलेल्या डॉक्टरला काही मिनिटांत भरता येईल इतका लहान होता, हे आपण उचलू शकतो. प्रत्येक रकान्यापुढे विचारा, हा नसेल तर मुख्य प्रश्नाचे उत्तर अडते का? नाही, तर काढा. प्रमुख नाराज होतील. त्यांना शांतपणे समजवा, पण काढा.

लहान केंद्रांना वाटते की आपल्या दहा-बारा रुग्णांनी काय होणार. त्यांना प्लासिडचे उदाहरण द्या. कोविडच्या रुग्णांना बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा देऊन पाहणाऱ्या आयसीएमआरच्या त्या चाचणीत 22 एप्रिल ते 14 जुलै 2020 या काळात देशभरच्या 39 रुग्णालयांतून 464 रुग्ण घेतले गेले. एका रुग्णालयामागे सरासरी बाराच. तेवढ्यातून देशाला वेळेवर कळले की प्लाझ्माने मृत्यू किंवा आजार गंभीर होणे टळत नाही.

माहिती साठवायला कोणते सॉफ्टवेअर, यावर फार वेळ घालवू नका. संस्थेकडे रेडकॅप असेल तर ते, नसेल तर कोबो. कोबो नेटशिवाय चालते, मोबाइलवर चालते. रुग्णाचे नाव-पत्ता त्यात जाता कामा नये. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही केंद्रावरच कुलपात. आणि केसपेपरचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे आजपासून बंद करा. तुमच्याकडे ते चालू आहे असे तुमच्या प्रश्नावरून दिसते.

त्याऐवजी दोन सवयी लावा. पहिली, प्रत्येक केंद्राचे पहिले पाच फॉर्म भरल्याभरल्या मूळ केसपेपरशी ताडून पाहा. चूक असेल ती त्या पाचांतच दिसते, पन्नासपर्यंत वाट पाहायची गरज नसते. दुसरी, महिन्यातून एकदा लसीच्या साठ्याची नोंदवही आणि कॅज्युअल्टीचे रजिस्टर मागवा. लसीच्या कुप्या कोणाकोणाला दिल्या हे तिथे असते. तिथे वीस रुग्ण आणि तुमच्याकडे सहा फॉर्म, तर चौदा कुठे गेले? बहुधा रात्रीचे, रविवारचे, लवकर दगावलेले, आणि स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेलेले. हे चौदा सहांसारखे नसतात. ‘पाठवतो सर’ला प्रत्युत्तर म्हणून मी कधी रागाचा मेसेज टाकलेला नाही. नोंदवहीतला आकडा समोर ठेवून विचारतो, ‘हे चौदा नोंदवायला तुम्हाला काय मदत लागेल?’ उत्तर बहुतेक वेळा अगदी साधे असते. रात्री फॉर्म सापडत नाही, किंवा कपाटाची किल्ली सिस्टरकडे असते.

दर महिन्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाचा फोन. सगळ्या केंद्रांचे आकडे सगळ्यांना दिसतील असा एक तक्ता आदल्या दिवशी. समन्वयकाच्या स्वतःच्या केंद्राच्या चुका सर्वांत आधी वाचायच्या. मी हे पाळतो, आणि त्यामुळेच बाकीचे आपल्या चुका मोकळेपणी सांगतात.

लेखकांच्या नावांचे पहिल्या बैठकीतच ठरवा, लेखी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष चारही पूर्ण करणारे लेखक. बाकी ज्यांनी रुग्ण नोंदवले, तपासण्या केल्या, त्यांची नावे अभ्यासगटात. अनेक नियतकालिके गट म्हणून लेखकत्व देतात आणि सदस्यांची नावे पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर दिसतात. पदोन्नतीत लेखकांच्या क्रमाला किंमत आहे, त्यामुळे हा विषय नाजूक आहे आणि पुढे ढकलला की चिघळतो. केंद्रांना स्वतंत्र लेख हवे असतील तर आधी सामाईक लेख, मग प्रत्येक केंद्राचा वेगळा प्रश्न, असा क्रम ठेवा.

पण ‘आमच्या केंद्रात काय दिसले’ असे तुकडे पाडून तुलना करण्याला मी विरोध करतो, आणि तो मानापमानाचा भाग नाही. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-2 चाचणीत 417 रुग्णालयांतले 17,187 हृदयविकाराचे रुग्ण होते, आणि ॲस्पिरिनने मृत्यू कमी होतात हे तीत स्पष्ट झाले. तुकडे पाडणे किती फसवे असते हे दाखवायला संशोधकांनी मुद्दाम जन्मराशीप्रमाणे विश्लेषण केले, तर मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन किंचित अपायकारकच दिसले. सतरा हजारांचे तुकडे करून हे होते. तुमच्या केंद्रांतल्या तीस-तीस रुग्णांवरून एका महाविद्यालयाचे उपचार दुसऱ्यापेक्षा चांगले असे कोणी छापले तर अन्याय होईल, शिवाय पुढच्या वर्षी ते केंद्र तुमच्याबरोबर नसेल.

शेवटी तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या मनात असणारच असा प्रश्न: या पावसाळ्यात आलेल्या फॉर्मचे काय करायचे? ते मुख्य अभ्यासात मिसळू नका. दोन केंद्रांचे आहेत, व्याख्या ठरण्याआधीचे आहेत, आणि कोणते रुग्ण सुटले हे कळायला मार्ग नाही. पण वायाही घालवू नका. त्यांना प्राथमिक चाचपणी म्हणा. कोणता रकाना सगळ्यांनी रिकामा सोडला, कोणता दोन अर्थांनी भरला, हे त्यांतून काढा आणि नवा फॉर्म त्यावरून घडवा. किती टक्के रुग्णांत मूत्रपिंड बिघडले याचा ढोबळ अंदाजही त्यातून मिळेल आणि पुढच्या वर्षी किती रुग्ण लागतील याचे गणित मांडता येईल. त्या चार गप्प केंद्रांना एमओयू पाठवण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. दिवाळीनंतरचे दिवस बरे असतात, वॉर्ड त्या मानाने मोकळे असतात. जाताना तुमच्या वॉर्डातली एक काचेची नळी बरोबर न्या आणि त्यांची त्यांना दाखवायला सांगा.